ययातीचे गोल-शीट

इंदुरात भंवरकुव्याच्या चौकात उभं राहून वर पाहिलं की आभाळ दिसत नाही, टॉपर दिसतात. पासपोर्ट फोटोतून ओढून ताणून मोठे केलेले चेहरे, खाली नाव, त्याखाली रँक, आणि रँकपेक्षाही ठळक अक्षरांत क्लासचा फोन नंबर. काही चेहरे दोन-दोन क्लासच्या फलकांवर असतात. एकाच मुलाला एकाच परीक्षेत दोघांनी घडवलेलं असतं, आणि त्या बिचाऱ्याने दोन्हीकडे सारखंच हसून दोघांचाही मान राखलेला असतो. माळव्यातून, निमाडातून मुलं बॅगा घेऊन इथे उतरतात, खोलीत तिघं-तिघं राहतात, सकाळी पोहे-जिलबी खातात आणि उरलेला दिवस ध्येय गाठत बसतात. राज्याचा लोकसेवा आयोग इंदुरात, आयआयएम १९९६ पासून, आयआयटी २००९ पासून. त्यामुळे इंदूरच्या मुलाला ध्येयासाठी गाव सोडावं लागत नाही. तिथे सिटी बस जाते.

त्यात शहर स्वतःच पहिलं. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग वर्षानुवर्षं येतच राहिलं. अख्ख्या गावाने ओला आणि सुका कचरा वेगळा करून पहिला नंबर काढलेला असताना घरातल्या एका पोराने ब्याऐंशी टक्के आणून गप्प बसावं, हे आईबापांना कसं सोसावं?

अशा या गावात मी दर रविवारी रामबागेतल्या एका हॉलमध्ये नववी ते अकरावीच्या मुलांना मराठी वाङ्मय शिकवतो. निदान माझी तशी समजूत आहे. फीच्या पावतीवर 'मराठी, व्होकॅब्युलरी व गोल सेटिंग' असं छापलेलं असतं. हे त्रिकूट आमच्या मंडळाच्या नानांनी जमवलं. "नुसती मराठी म्हटली न सर, तर कोणी नाही पाठवणार," ते म्हणाले. "वाङ्मयाचं काय आहे, ते कुठल्याच एन्ट्रन्सला येत नाही. त्याच्यात थोडी व्होकॅब्युलरी टाका, थोडं गोल सेटिंग टाका. मग पहा." मग पाहिलं, तर खरंच खुर्च्या कमी पडल्या. वाङ्मय ऐकायला इतकी मंडळी याआधी मी फक्त संमेलनात पाहिली होती, आणि तिथे जेवण होतं.

संमेलनाचं म्हणाल तर इंदूर त्याला सरावलेलं आहे. मराठी इथे होळकरांबरोबर आली आणि संस्थान विलीन झालं तरी ती विलीन झाली नाही. मराठी साहित्य संमेलन इथे तीनदा भरलं: १९१७, १९३५ आणि २००१. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते "अरे वा!" म्हणतात आणि लगेच सराफ्यातल्या खाऊबाजाराकडे वळतात, म्हणजे विषयाने आणि पायाने, दोन्हींनी.

आमची मुलं घरी मराठी बोलतात, असं त्यांच्या आज्या सांगतात. मुलं बोलतात ती भाषा अशी: "सर, मला हे समजूनच नाही राहिलं," "आजीची तब्येत खराब होऊन गेली तर मी येऊ नाही शकलो," "आज लवकर सोडून द्या न, सर." मधूनच एखादा पेलवान बाकावरून वाकून मागच्याला "भिया, पेन दे न" म्हणतो, तेव्हा तो कोणती भाषा बोलला हे सांगणं भाषाशास्त्रज्ञालाही अवघड. पुण्याहून आलेले पाहुणे ही वाक्यं ऐकून जागच्या जागी दुरुस्त करतात. मी करत नाही. पिढ्यान्पिढ्या परमुलखात राहून ज्या भाषेचा फक्त 'राहिलं'वर जोर वाढला, तिची प्रकृती उत्तम आहे असंच मी समजतो.

तर व्होकॅब्युलरी. या विषयाचा धर्मग्रंथ एकच, नॉर्मन लुइस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. निघालं १९४९ साली अमेरिकेत, पण त्याची खरी कर्मभूमी भंवरकुव्याचा फुटपाथ. आमच्या वर्गात त्याच्या भरपूर प्रती आहेत आणि सगळ्यांची सुरुवातीची पानं मळून पिवळी पडलेली, पुढची सगळी कोरी करकरीत. लुइससाहेब आधी माणसांच्या स्वभावांवरचे दहा शब्द देतात, मग डॉक्टरांवरचे दहा. त्यामुळे इंदूरच्या तरुण पिढीला इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट, मिसॅन्थ्रोप आणि त्यांना तपासणारे सगळे स्पेशालिस्ट इंग्रजीत तोंडपाठ असतात. त्यापलीकडचं इंग्रजी जग पुढच्या सुट्टीत सुरू होणार असतं. माझा एक विद्यार्थी कोणालाही पहिल्यांदा भेटला की त्याला स्वभाव तरी चिकटवतो, नाहीतर आजार.

पालकांना असंच काहीतरी मराठीतही हवं होतं. "रोज पाच शब्द द्या, सर." दिले. मुलं आज्ञाधारक आहेत, त्यांनी ते वापरले. दुसऱ्या रविवारी पुढच्या बाकावरच्या मुलीने वाक्य वाचलं: "आईने पोह्यांच्या बाबतीत औदासीन्य दाखवल्यामुळे माझा विरस होऊन मी अगतिक झाले." आईने इतके सायास करून वर्गात घातलेली मुलगी आईबद्दल हे म्हणते, पण व्याकरण बिनचूक होतं आणि व्यथा खरी होती. मी पैकीच्या पैकी दिले.

याच मुलांना 'सुंदर'ला तीन प्रतिशब्द विचारा, दोन मिनिटं छताकडे बघतात. पण शेव म्हणा. लवंगी, लसणाची, रतलामी, उज्जैनी, जाडी, बारीक, पोह्यांवरची वेगळी आणि उसळीवरची वेगळी. कोणती कशावर घातली तर अपराध होतो, हे नववीतला मुलगा असं सांगतो की पाणिनीने खाली बसून ऐकावं. गराडू थंडीतच का आणि भुट्ट्याच्या किसात दूध केव्हा, यावर आमच्या वर्गात जे वाद झाले त्यांत विशेषणं, क्रियाविशेषणं, उपमा, अगदी व्याजोक्तीसुद्धा आपोआप येऊन गेली. 'कुरकुरीत', 'चुरचुरीत' आणि 'खुसखुशीत' यांतला फरक मी फळ्यावर लिहून देणार होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, खुसखुशीत तोंडात मरतं. कुरकुरीत ओरडून मरतं." शब्दकोशाच्या संपादक मंडळावर मी असतो तर हा मुलगा तिथे माझ्या शेजारी बसला असता. पण त्याच्या गृहपाठाच्या वहीत तो दिवस 'सरांनी आज शिकवलं नाही' असा नोंदला गेला, आणि नानांचा फोन आला.

आता गोल सेटिंग. याला इंदुरात मराठी प्रतिशब्द चालत नाही. ध्येय म्हटलं की मुलांना भिंतीवरचे लोकमान्य आठवतात आणि ती ताठ बसतात. गोल म्हटलं की वही उघडतात. गोल कसा हवा, तर स्मार्ट हवा, हे आता बालवाडीपर्यंत पोहोचलं आहे. हे सूत्र जॉर्ज डोरन नावाच्या एका अमेरिकन सल्लागाराने १९८१ साली व्यवस्थापनाच्या मासिकात मांडलं, आणि ते कंपनीतल्या मॅनेजरांसाठी होतं. पाच अक्षरं: नेमका, मोजता येणारा, वगैरे. मधल्या 'ए'चा अर्थ आज सगळीकडे 'अचीव्हेबल' सांगतात, म्हणजे आवाक्यातला. डोरनसाहेबांच्या मूळ लेखात मात्र तो 'असाइनेबल' आहे. म्हणजे गोल ठरवायचा आणि तो कोणावर सोपवायचा तेही ठरवून टाकायचं. जगाने मूळ अर्थ सोडला असेल. इंदूरच्या घरांनी तो जिवापाड जपलेला आहे.

याचा पुरावा मला पहिल्याच रविवारी मिळाला. मुलांना गोल-शीट घरून भरून आणायला सांगितलं होतं. पंचाण्णव टक्के, जेईई, अमुक लाखांचं पॅकेज. वेगवेगळ्या घरांतून आलेले कागद, पण मजकूर एक, आणि बऱ्याच कागदांवर अक्षर आईचं. काही शीटांवर वडिलांनी खाडाखोड करून पॅकेज वाढवलेलं होतं. दोनच कागद मुलांचे स्वतःचे निघाले. एकात लिहिलं होतं, 'कचरागाडीच्या गाण्याच्या आधी उठणे.' याहून नेमका, मोजता येणारा आणि वेळेत बांधलेला गोल मी अजून पाहिलेला नाही. इंदुरात ज्याने ते गाणं झोपेत ऐकलेलं नाही त्यालाच त्यातलं साहस कळणार नाही. दुसऱ्याने, शुद्ध शब्द वापरा असं मी बजावल्यामुळे, हिंदीच्या पुस्तकातला 'प्रयत्न' या अर्थाचा भारदस्त शब्द उचलून लिहिलं होतं: 'मी रोज दोन तास गणिताची चेष्टा करीन.' हा गोलही त्याने पाळला, असं त्याच्या तिमाहीच्या गुणांवरून दिसतं.

मुलांच्या शाळांतूनही हे चालतंच. एका शाळेत गोल सेटिंगचे तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी पडद्यावर जंगलातल्या दोन वाटांचं चित्र दाखवलं आणि रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' ऐकवली. ही कविता बरीच वर्षं नववीच्या 'बीहाइव्ह' या इंग्रजीच्या पुस्तकात होती, त्यामुळे मुलांना पाठ. तात्पर्य: वेगळी वाट निवडा, यशस्वी व्हा. मग त्यांनी सगळ्यांना नेहमीच्याच दोन कोर्सचे फॉर्म वाटले.

माझा जीव तुटला तो इथे. फ्रॉस्टने ही कविता लिहिली ती एडवर्ड टॉमस या आपल्या इंग्रज मित्राची गंमत करायला. दोघं इंग्लंडमध्ये रानात फिरायला जायचे आणि कुठल्याही वाटेने गेलं तरी टॉमस परतताना चुकचुकायचा, त्या दुसऱ्या वाटेने जायला हवं होतं. कविता १९१५ साली छापून आली, आणि तिच्यात दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या आहेत असं सरळ म्हटलेलं आहे. लोक ते वाचत नाहीत. टॉमसलाही आधी गंमत कळली नव्हती म्हणतात. वर्गात मी हे इंदुरी चालीने सांगितलं: रात्री दहाला राजवाड्यापाशी मित्र भेटतो, तुम्ही सराफ्यात जाता, पोटभर खाता, आणि परत येताना तो म्हणतो, "छप्पन दुकानला गेलो असतो तर बरं झालं असतं." छप्पनला गेलात तर सराफ्याचं नाव काढतो. हा टॉमस. फ्रॉस्ट म्हणजे दोन्ही वेळा ज्याने बिल भरलं तो. कविता मुलांना तत्काळ कळली. दोघांनी तर आपापल्या वडिलांची नावं घेतली.

तेव्हाच मनात आलं की उलटं करून पाहावं. मुलांचे गोल त्यांच्या घरच्यांनी भरलेच आहेत, तर मुलांनी पुस्तकांतल्या माणसांचे भरावेत. पुढचे रविवार त्यातच गेले, आणि खरं सांगायचं तर मला वर्गातून घरी जावंसं वाटेना.

सगळ्यात सुटसुटीत शीट निघालं ते बैलांचं. प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा'तले हीरा आणि मोती. मुलांना शाळेतल्या हिंदीमुळे ओळखीचे. गोल: घरी परत जाणे. मोजमाप: आपला गोठा आला की झालं. अडथळे: मालकाचा मेहुणा, कांजीहौस, कसाई. निकाल: पूर्ण. "सर, सगळ्या सिलॅबसमध्ये गोल फक्त बैलांनी पूर्ण केला," एक मुलगी म्हणाली. मी आठवून पाहिलं. मला विरोध करता आला नाही.

मग 'बनगरवाडी'. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, तालीम बांधायचं मनावर घेतो, माणसं गोळा करतो, तालीम उभी राहते, उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात. मुलं खूश. शीटवर 'अचीव्हड' लिहून अधोरेखित केलं. मग पुढची प्रकरणं वाचली. दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते, तालीम राहते आणि घुमायला माणूस राहत नाही. शीट धरून बसलेला मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत होता. शेवटी त्याने 'अचीव्हड' खोडलं नाही, त्यापुढे कंसात 'पण' लिहिलं. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. तिच्यावर तेव्हापासून बरीच समीक्षा झाली असेल. कंसातला तो 'पण' मला तिच्यात मोलाचा वाटतो.

जाता जाता मी सांगितलं की कादंबरीतलं संस्थान औंधचं, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या इंदुरात येऊन गेलेत, १९३५ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. "म्हणजे मेझरेबल," मागचा बाक एका सुरात म्हणाला. राजेसाहेबांना आमच्या वर्गात स्मार्टचा 'एम' मिळाला.

'कोसला' मी भीतभीतच काढली. त्यातले काही भाग वाचून दाखवले. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, बापाचा पैसा उडवतो, नापास होतो, गावी परत जातो. शीटवर काय लिहिणार? वर्ग शांत. मग अकरावीतला एक म्हणाला, "सर, हा तर आमच्या वरच्या खोलीत राहतो." दुसरा म्हणाला, "आमच्या तर खालच्या पण." कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर १९६३ सालच्या पुस्तकात पुण्यात गेला असेल, आज तो भंवरकुव्यावर आहे आणि त्याचा मेसचा डबा बंद झालेला आहे, याबद्दल वर्गाची खात्री पटली. नेमाड्यांनी ही कादंबरी पंचविशीत लिहिली हे ऐकल्यावर मात्र गोंधळ उडाला. ज्याला काहीच गोल नाही अशा मुलावर इतकं जाड पुस्तक लिहून पूर्ण करणाऱ्याचा गोल काय होता, हा प्रश्न अजून आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' अशा सूचनेसह लिहिलेला आहे.

पण वर्ग खरा पेटला तो 'ययाति'वर. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी. पुढे तिला ज्ञानपीठ मिळालं. गोष्ट सगळ्यांना आज्यांकडून माहीत: राजाला शापाने म्हातारपण येतं, भोग सोडवत नाहीत, म्हणून तो मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. पुढच्या बाकावरची तीच मुलगी, पोह्यांवाली, फळ्याशी गेली आणि शीट भरायला लागली. एस: तरुण राहणे. एम: केस काळे. 'ए'शी थांबली. मूळ शब्द असाइनेबल, हे मी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तिने लिहिलं, 'ए: पुरू.'

क्षणभर काहीच झालं नाही. मग हसू फुटलं ते थांबेना. एकाने लगेच ओरडून सांगितलं, "सर, माझे पप्पा पीएससीला दोन वेळा बसून गेले आहेत!" दुसरी म्हणाली, तिच्या आईला डॉक्टर व्हायचं होतं. कोणाच्या आजोबांना कलेक्टर, कोणाच्या काकाला विमान. बघता बघता सगळा वर्ग पुरूंनी भरून गेला. मी शिक्षकाच्या कर्तव्याने वडीलधाऱ्यांची बाजू घ्यायला गेलो आणि म्हणून थोरामोठ्यांचं उदाहरण काढलं. गांधीजी १९१८ साली इथे इंदुरातच हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९३५ ला पुन्हा आले. दक्षिणेत हिंदी शिकवायची, हा संकल्प त्यांनी १९१८ च्या त्या संमेलनातच केला. "मग पहिला प्रचारक म्हणून मद्रासला कोणाला पाठवलं?" मी विचारलं आणि उत्तर तोंडातून निघता निघता मलाच कळलं की उदाहरण चुकीच्या बाजूला जाऊन पडतंय. देवदासला. स्वतःच्या धाकट्या मुलाला, वय वर्षं अठरा.

"पुरू!" वर्ग गरजला.

त्या महिन्याअखेरीस पालकसभा होती. पालकांना प्रगती दिसावी म्हणून नानांनी मुलांची सगळी शीटं भिंतीवर लावली. घाईत बैलांची, मास्तराची आणि ययातीचीही लागली. पालक चहाचे कप हातात धरून एकेक कागद वाचत होते. हीरा-मोतीच्या शीटपाशी एक आजोबा बराच वेळ उभे राहिले आणि "हे बरं आहे" एवढंच बोलले. ययातीचं शीट मात्र एका वडिलांनी खिशातला चष्मा काढून, वरपासून खालपर्यंत, टक्केवारी शोधत वाचलं. मग माझ्याकडे आले.

"सर, हा पुरू कोणत्या बॅचला आहे?"

मी म्हटलं, तो आमच्याकडे येत नाही.

"चांगला मुलगा दिसून राहिलाय. वडील सांगतात ते करतो म्हणून लिहिलंय. काय करतात वडील?"

"राजकारणात होते."

"तरीच," ते म्हणाले. कप ठेवला, कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेल्या आपल्या चिरंजिवांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आमच्या ह्याची जरा त्याच्याशी ओळख करवून द्या न."